आक्कांचे तळहात: जाड, कडक झालेल्या कातडीचं एक प्रकरण

रुग्ण: स्त्री, वय ५१, शेतमजूर. गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तक्रार: दोन्ही तळहातांची कातडी साधारण ४ वर्षांपासून जाड आणि कडक होत चाललेली, गेले दोन हिवाळे भेगा, भेगांतून रक्त. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. पाळी जाऊन २ वर्षं झालेली. माहेरी-सासरी अशी कातडी कुणाची नाही. गावात त्यांना सगळे आक्का म्हणतात, म्हणून इथेही आक्काच. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

भादव्याच्या सुरुवातीला त्या थोरल्या सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. "मना हात लाकूड व्हई गयात, डॉक्टर," एवढंच म्हणाल्या आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. उलटे करायला त्या तयार नव्हत्या. बाकीचं सुनेनं सांगितलं. आमच्याकडे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठात मीठ दळतानाच पडतं. ते मीठ भेगेत शिरलं की डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून भाकरी थापणं वर्षभरापासून बंद. कपडे धुतले की रात्रभर हात चुरचुरतो. निंदणीला मात्र रोज जातात, कारण निंदणीचे दिवस थांबत नाहीत आणि मजुरीही.

मग सूनबाईंनी आवाज खाली आणून आणखी एक गोष्ट सांगितली. श्रावणात घरी कानबाई, आमच्या खान्देशातली देवी, बसली होती. तिच्या नैवेद्याच्या रोटांच्या दिवशी भाऊबंदांतल्या बायकांनी आक्कांना पिठाला हात लावू दिला नाही. कुणी वाकडं बोललं नाही, "तुम्ही बसा, आम्ही करतो," एवढंच. पण ज्या बाईनं तीस वर्षं त्या घरचे रोट केले तिला त्याचा अर्थ कळला. कुणीतरी महारोगाचं नावही घेतलं होतं. केसपेपरवर या गोष्टीसाठी रकाना नसतो. मी ती तरीही लिहून ठेवली, कारण भेगांपेक्षा हीच गोष्ट त्यांना दवाखान्यापर्यंत घेऊन आली होती.

आधी झालेले उपाय

पहिली दोन वर्षं सगळ्यांनी घट्टे धरले होते. शेतात राबणाऱ्या बाईच्या हाताला घट्टे पडणारच. वजरीनं घासणं, मग मुलाच्या दाढीच्या ब्लेडनं तासणं, वर शेंगदाण्याचं तेल. तासलं की दोन दिवस हात हलका वाटायचा आणि आठवड्यात पहिल्याहून जाड थर यायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात शेजारणीनं बिब्बा सांगितला. टाचेच्या भेगेला बिब्ब्याचं तेल लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे. आक्कांनी तो गरम करून तळहातावर लावला. दुसऱ्या दिवशी हात सुजला, मनगटापर्यंत पाण्याचे फोड आले. बिब्ब्याच्या चिकात कातडी जाळणारी आणि तीव्र ॲलर्जी आणणारी द्रव्यं असतात. फोड महिन्याभरात बसले, पण त्यानंतर जाड कातडीनं आधी कधी न धरलेली जागा धरली. पुढच्या निदानात ही घटना कामाला आली.

चौथ्या वर्षी मेडिकलच्या दुकानातून एक ट्यूब आली. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असलेली. लावली की आठ दिवस बरं, सोडली की पुन्हा तेच. अशा सहा-सात ट्यूब संपल्या. कातडीवर लावायची बरीच स्टेरॉइड्स २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, असा नियम आहे. खेड्यापाड्यांत तो कितपत पाळला जातो ते आपण रोज पाहतो. शेवटी कुणीतरी गजकर्ण समजून बुरशीच्या गोळ्या दिल्या. त्या महिनाभर घेऊनही फरक पडला नाही.

हात पाहिला तो असा

तळहात वाचायचा तर आधी त्याची घडण ध्यानात हवी. अंगावरच्या कातडीत सगळ्यात जाड थर तळहात-तळपायांचा. तिथे केस नाहीत आणि केसांच्या मुळाशी असणाऱ्या तेलाच्या ग्रंथीही नाहीत, फक्त घामाच्या आहेत. म्हणजे तळहाताला स्वतःचं तेल मुळातच नसतं. साबण, राख, माती, खान्देशातला कोरडा वारा, जे काही ओल काढून घेतं ते इथे लवकर जाणवतं. आणि इथल्या कातडीला कुठलाही त्रास झाला, दाबाचा असो, बुरशीचा असो की आतल्या सुजेचा, तरी तिच्याजवळ उत्तर एकच: थर वाढवणं. म्हणून वेगवेगळे आजार तळहातावर आले की एकसारखे दिसतात आणि चार वर्षं सगळे घट्टेच म्हणत राहतात.

आक्कांचा उजवा तळहात अंगठ्याच्या उंचवट्यापासून करंगळीच्या मुळापर्यंत पिवळट, कडक थरानं भरला होता. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी तीन खोल भेगा, एक ताजी. थरावर पांढरट पोपडे, नखानं खरवडले की भुग्यासारखे सुटणारे. मनगटाच्या घडीपाशी हा थर एकदम थांबत होता, आणि त्या कडेला बारीक लालसर रेघ होती. पलीकडची कातडी अगदी साधी.

मला खरी गोष्ट सांगितली ती डाव्या हातानं. आक्का उजव्या हातानं विळा धरतात, डाव्या हातानं गवत धरतात. डाव्या तळहाताच्या मधल्या खोलगट भागाला विळ्याची मूठ लागत नाही, कुदळ लागत नाही, काहीच लागत नाही. आणि तिथेच रुपयाच्या नाण्याहून मोठा, स्पष्ट कडेचा, जाड, पोपडे सुटणारा चट्टा होता. घट्टा दाबाच्या जागीच पडतो. दाब नाही तिथे घट्टा पडण्याचं कारण नाही.

घट्ट्याची दुसरी खूण म्हणजे कातडीवरच्या बारीक रेषा. घट्टा कितीही जाड झाला तरी बोटांच्या ठशांसारख्या त्या रेषा त्याच्यावरून सलग जातात. कडेला तो हळूहळू विरतो, लाल होत नाही, खाजत नाही. कुरपात मधोमध टणक खिळा असतो. चामखीळ असेल तर रेषा तुटतात आणि वरचा थर तासला की काळे ठिपके दिसतात. आक्कांच्या चट्ट्यावर रेषा पोपड्यांखाली बुजल्या होत्या आणि कड ठळक होती.

यानंतर हात सोडून बाकीचं अंग पाहायचं. हात दाखवायला आलेला रुग्ण अंग दाखवायला तयार नसतो, पण निम्मं निदान तिथेच असतं. दोन्ही कोपरांवर लहान खरबरीत चट्टे होते. "ते उन्हाचं आहे," म्हणाल्या. कानामागे केसांच्या कडेला जाड कोंडा. तीन बोटांच्या नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे. पायाच्या टाचांना भेगा होत्या, पण तशा आमच्याकडे अनवाणी फिरणाऱ्या दर दुसऱ्या बाईला असतात, त्यावरून काही ठरवता येत नाही. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत मात्र चिखल्या होत्या, पांढऱ्या आणि वास येणाऱ्या.

महारोगाची शंका सुनेसमोरच तपासली. मुद्दाम. कापसाच्या टोकानं चट्ट्यावर आणि चट्ट्याबाहेर स्पर्श करून पाहिला. जाड थरावर जरासा कमी, पण कडेवर आणि बोटांच्या टोकांवर पूर्ण. कोपरामागची नस जाड नव्हती. करंगळीत ताकद होती. तो आजार नाही, हे दोघींना तिथेच स्पष्ट सांगितलं.

काय काय असू शकलं असतं

बुरशीचा विचार सगळ्यात आधी, कारण ती बरी करता येते आणि चुकवली तर घरभर पसरते. हाताची बुरशी बहुतेक वेळा एकाच हाताला होते आणि बरोबर दोन्ही पाय धरलेले असतात. तळहाताच्या रेषांमध्ये पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा कोंडा दिसतो. आक्कांचे दोन्ही हात धरलेले होते, पण पायात चिखल्या होत्या, आणि स्टेरॉइडची ट्यूब बुरशीचं रूप पार बदलून टाकते. म्हणून ट्यूब बंद करून दोन आठवडे नुसती पेट्रोलियम जेली दिली आणि मग दोन्ही तळहातांच्या कडेचा व बेचक्यांचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बेचक्यांतल्या कोंड्यात बुरशीचे फाटे फुटलेले तंतू दिसले. तळहातांत नाहीत. आठवड्यानं पुन्हा खरवडलं, तरी नाहीत. म्हणजे पायाला बुरशी होती आणि हाताला दुसरंच काही. एका बाईला दोन आजार असू शकतात. बुरशीच्या गोळ्यांनी हात का बरा झाला नाही याचं उत्तर इथे मिळालं.

दुसरी शक्यता इसबाची, म्हणजे हाताच्या एक्झिमाची. साबण, सोडा, कीटकनाशकं, सिमेंट, केळीचा चीक, गाजर गवत, यांतलं काहीही वर्षानुवर्षं लागत राहिलं की तळहात जाड होऊन फाटतो. गवंड्यांच्या हाताला होणारा त्रास बऱ्याचदा सिमेंटमधल्या क्रोमियमचा असतो. इसबाला खाज जास्त, अधूनमधून बारीक पाण्याचे फोड, आणि कड धूसर. आक्कांना खाज होती, पण सहन होण्याइतकी. फोड फक्त बिब्ब्याच्या वेळी.

इथे सूनबाईंच्या हाताची गोष्ट सांगायला हवी. आक्कांची तपासणी चालू असताना त्यांनी सहज विचारलं, "माझ्या बोटांचंही बघता का?" डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिन्हींची टोकं कोरडी, जाड, उभ्या चिरा पडलेली. उजवा हात स्वच्छ. त्या गावातल्या एका खानावळीत शेवभाजी आणि भरताचा मसाला करतात, रोज ढीगभर लसूण सोलतात. उजव्या हातात सुरी, डाव्या हाताच्या तीन बोटांत पाकळी. लसणातल्या गंधकाच्या संयुगांची ॲलर्जी नेमका हाच नकाशा काढते. एकाच घरात, एकाच दिवशी, दोन बायकांची हाताची कातडी जाड झालेली आणि दोघींची कारणं पूर्ण वेगळी. रबरी हातमोजे लसणाला पुरेसे अडवत नाहीत, म्हणून त्यांना काम वाटून घ्यायला सांगितलं: लसूण दुसरीनं सोलायचा, यांनी वाटायचं काम मिक्सरवर. महिनाभरात बोटं भरून आली.

बाकीच्या शक्यता लवकर मागे पडल्या. वंशानं येणारी जाड कातडी बहुधा लहानपणीच दिसू लागते आणि घरात आणखी कुणाला असते. आर्सेनिकची बाधा बंगालच्या विहिरींच्या पाण्यामुळे माहीत झाली. तिच्यात तळहातावर बारीक, कठीण दाणे आणि अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे डाग येतात, शिवाय त्या दाण्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो. आक्कांना तसं काही नव्हतं, तरी भस्मं किंवा वैदूची औषधं घेतली का ते विचारून घेतलं. थायरॉइड कमी पडलं तरी तळहात जाड होतात, म्हणून तपासणी केली, ठीक निघाली. पाळी जाण्याच्या सुमाराला बायकांच्या तळपायांवर आणि तळहातांवर जाड थर येतो, हे त्वचारोगतज्ज्ञ हाक्स्टहाउझेन यांनी १९३४ मध्ये नोंदवलं आहे. आक्कांच्या वयाला ते जुळत होतं, पण तो प्रकार पायाच्या दाबाच्या जागांपासून सुरू होतो आणि कोपर, नखं यांना स्पर्श करत नाही.

ज्वारी-बाजरीच्या मुलखात आणखी एक लक्षात ठेवावं लागतं. नायसिन कमी पडल्यानं होणाऱ्या पेलाग्रात हाताची कातडी काळी, जाड, भेगाळ होते, पण ती पालथ्या हाताची, उन्हात उघडी पडणारी, सोबत गळ्याभोवती तसाच पट्टा आणि जुलाब. नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या माणसांतला हा आजार हैदराबादला पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमाराला अभ्यासला होता. आक्कांचे पालथे हात चांगले होते.

उरला सोरायसिस. ठळक कड, कोपरं, कानामागचा कोंडा, नखांचे खड्डे, दाब नसलेल्या जागी चट्टा, आणि बिब्ब्यानं भाजलेल्या जागी नव्यानं उगवलेला थर. जखम झालेल्या कातडीवर सोरायसिस उगवतो हे एकोणिसाव्या शतकात त्वचारोगतज्ज्ञ कोब्नर यांनी दाखवून दिलं, आणि आजही त्या घटनेला त्यांचंच नाव आहे. आता मागे वळून पाहिलं की कळतं: वजरी, ब्लेड, बिब्बा आणि विळ्याची मूठ हे सगळे या आजाराला खतपाणीच घालत होते. साधी कातडी तळातून वर येऊन गळून पडायला सुमारे ४ आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हा प्रवास ३ ते ५ दिवसांत उरकतो, पेशी पक्व व्हायच्या आतच वर येतात आणि थर साचतो. वरून तासून तो कसा संपणार?

डाव्या तळहाताचा लहानसा तुकडाही काढून तपासला. अहवाल सोरायसिसकडे झुकणारा होता, थोडी इसबाची छटाही त्यात होती. तळहाताच्या कातडीत या दोघांतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीही धूसर होतो. अशा वेळी कोपर आणि नखं यांचं वजन मी अहवालापेक्षा जास्त धरतो. सांध्यांची विचारपूस केली, कारण नखं धरलेल्या सोरायसिसमध्ये सांधे धरले जाण्याचा धोका असतो. सकाळी बोटं आखडत नव्हती.

औषधं, आणि त्यांचा क्रम

आधी भेगा, मग थर. हा क्रम उलटला की रुग्ण दुसऱ्या दिवशी औषध फेकून देतो, कारण थर वितळवणारं सॅलिसिलिक ॲसिड उघड्या भेगेत गेलं की मिठापेक्षा वाईट झोंबतं.

पहिले दोन आठवडे: रात्री जेवणानंतर १० मिनिटं दोन्ही हात कोमट पाण्यात, साबण नाही. टिपून घ्यायचे, पूर्ण कोरडे करायचे नाहीत. ओलसर हातावरच क्लोबेटासोल या तीव्र स्टेरॉइडचं ०.०५ टक्के मलम, क्रीम नाही, मलम. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून निघालेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि दोन्ही तळहातांना तेवढं पुरतं. वर पेट्रोलियम जेलीचा जाड हात आणि सुती हातमोजे घालून झोप. आक्कांच्या मुलानं जुन्या बनियनचे मोजे शिवून आणले, ते दुकानातल्यांपेक्षा चांगले निघाले. दिवसा दर धुण्यानंतर जेली. खोल भेगेवर कामाच्या वेळी कागदी चिकटपट्टी. बेचक्यांच्या चिखल्यांना टर्बिनाफिन क्रीम, आणि पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या पुसणं.

भेगा बाराव्या-तेराव्या दिवशी मिटल्या. मग थराकडे वळलो. सकाळी २० टक्के युरियाचं क्रीम, रात्री एकाआड एक दिवस क्लोबेटासोलबरोबर ३ टक्के सॅलिसिलिक ॲसिड असलेलं मलम. वजरी आणि ब्लेड घरातून बाहेर. सुटलेला थर स्नानानंतर ओल्या फडक्यानं जेवढा निघेल तेवढाच काढायचा.

सहाव्या आठवड्यात स्टेरॉइड फक्त शनिवार-रविवार रात्री आणि बाकीच्या रात्री कॅल्सिपोट्रायॉल, हे ड जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम. इथे एक गोष्ट नेहमी चुकते. सॅलिसिलिक ॲसिड कॅल्सिपोट्रायॉलला निकामी करतं. दोन्ही एकाच वेळी लावली तर महागाची ट्यूब नुसती चोळली जाते. म्हणून सॅलिसिलिकचं मलम त्या वेळी पूर्ण काढून घेतलं.

आठव्या आठवड्यात डाव्या तळहाताचा चट्टा फिकट, मऊ झाला होता. उजव्या हाताचा मधला भागही. पण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी थर तसाच होता, आणि आता त्याच्यावरून रेषा सलग जाताना दिसत होत्या. सोरायसिस ओसरल्यावर त्याच्याखालचा खरा घट्टा उघडा पडला होता.

विळ्याची मूठ

त्या वेळी आक्कांना विळा घेऊन यायला सांगितलं. लाकडी मूठ बारीक आणि गुळगुळीत, टोकाला पातं बसवणारी लोखंडी कडी, आणि कडीची कड नेमकी तर्जनीच्या मुळाशी येत होती. मूठ जितकी बारीक तितका पूर्ण जोर थोड्या जागेवर येतो, शिवाय ती फिरू नये म्हणून मुठीत आवळून धरावी लागते. मुलानं मुठीवर सुती चिंधी घट्ट गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड केली आणि कडीवरही चिंधीचे दोन फेरे दिले. सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधायचा विचार होता. मी नको म्हटलं, कारण रबरातल्या रसायनांची ॲलर्जी आधीच दुखऱ्या हाताला सहज होते.

कामाचीही वाटणी बदलली. निंदणी आणि कापूस वेचणी बाहेरून सारखीच शेतमजुरी वाटते, पण तळहाताच्या दृष्टीनं दोन्हींत मोठा फरक. निंदणीत सगळा भार तळहातावर. वेचणीत तळहात मोकळा असतो. सुकलेल्या बोंडांची टोकदार टरफलं ओरखडतात ती बोटांच्या टोकांना आणि नखांच्या कडेला. म्हणून त्यांना म्हटलं, निंदणी सोडता येईल तेवढी सोडा, वेचणीला जा. वेचणीला हातमोजे घाला असं मी सांगत नाही. मजुरी किलोवर असते, मोज्यात कापूस नीट निघत नाही आणि संध्याकाळी वजन कमी भरतं. जो सल्ला पोटावर येतो तो कुणी पाळत नाही. बोटांच्या टोकांना कागदी पट्टी, घरी आल्यावर जेली, एवढं जमलं.

कपडे आणि भांडी थोरल्या सुनेनं घेतली. तिच्या बोटांना लसणानं छळलं होतं, साबणानं नाही.

डिसेंबरातलं बिघडणं

मार्गशीर्षात थंडी उतरली, हवा कोरडी झाली आणि आक्का पुन्हा आल्या. वेचणीचे दिवस भरात, मजूर मिळत नव्हते, त्यांनी रात्रीचं औषध अर्धंमुर्धं केलं होतं. तेवढंच कारण असतं तर पुन्हा मलमावर भर दिला असता. पण आता कोपरांचे चट्टे वाढले होते आणि दोन्ही पायांच्या तळव्यांवर नवे उमटले होते, चालताना दुखणारे. हात आणि पाय दोन्ही धरले की कातडीवरच्या औषधांवर थांबण्यात अर्थ नसतो, मग अंगाचा भाग टक्क्यात कितीही थोडा का असेना. माणूस हातानं जेवतो, पायानं चालतो.

तीन वाटा होत्या. हातापायांपुरते अतिनील किरण: चांगला उपाय, पण आठवड्यातून दोन-तीनदा शहरात यावं लागतं, महिनोनमहिने. यावल तालुक्यातल्या मजूर बाईला एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज, दोन्ही परवडत नाहीत. दुसरी ॲसिट्रेटिनची गोळी: जाड तळहातांवर चांगली चालते, पाळी गेलेली असल्यानं गर्भाचा धोका नव्हता (मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीला ती देत नाहीत, थांबवल्यावरही ३ वर्षं गर्भ राहता कामा नये), पण ओठ आणि बोटांची टोकं कोरडी करते, आणि वेचणीचे दिवस होते. त्यांच्या रक्तातली चरबीही वाढलेली निघाली. तिसरी मेथोट्रेक्सेट, प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी. स्वस्त, जुनी, आणि आठवड्यातून एकदाच.

या "एकदाच"वर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली तर ती जीव घेऊ शकते: तोंडात व्रण, रक्तपेशी खाली, जंतुसंसर्ग. गोळी लहान, पिवळी, निरुपद्रवी दिसणारी. दुकानातून पाकीट देताना सवयीनं "रोज एक" असं लिहिलं जाऊ शकतं. आक्कांना वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठीवर वार लिहून उपयोग नव्हता. त्यांच्या गावचा आठवडे बाजार ठरला. बाजाराच्या संध्याकाळी तीन गोळ्या, म्हणजे ७.५ मिलिग्रॅम, नंतर आठवडाभर त्या डब्याला हात लावायचा नाही. बाजारानंतर दोन दिवसांनी फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची एक गोळी. गोळ्यांचा डबा सुनेच्या ताब्यात. सुरू करण्याआधी रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड, कावीळ ब आणि क, छातीचा एक्स-रे. नंतर सुरुवातीला दर महिन्याला रक्त. तोंड आलं, ताप आला, अंगावर निळे डाग दिसले तर पुढची गोळी न घेता थेट यायचं. आणि गावातल्या कुठल्याही डॉक्टरांना ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं, कारण कोट्रायमॉक्सॅझोल हे सल्फाचं औषध तिच्याबरोबर घेणं धोक्याचं आहे आणि दुखण्याच्या गोळ्याही विचारूनच.

महिन्यानं १० मिलिग्रॅम केली. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडे जातात, आणि हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण पाचव्या आठवड्यात दुसरीकडे जातो. फाल्गुनात तळव्यांवरून चट्टे गेले, कोपरं साफ झाली, तळहातांची लाल कड दिसेनाशी झाली. नखांचे खड्डे अजून होते. नख मुळापासून टोकापर्यंत वाढायला सहा महिने जातात, त्यामुळे त्यांची घाई नव्हती. एकदा यकृताची चाचणी थोडी वर गेली, दोन आठवडे गोळी थांबवून पुन्हा कमी मात्रेवर सुरू केली, नंतर ठीक राहिली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आक्कांनी खापरावरचे मांडे केले. पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर फिरवत तो कोपरापर्यंत पातळ करत नेणं आणि उलट्या खापरावर अलगद टाकणं, यात तळहाताची कातडी फाटलेली असून चालतच नाही. सुनेनं हे सांगितलं तेव्हा आक्का शेजारी बसल्या होत्या, या वेळी हात उताणे ठेवून. भाऊबंदांतल्या दोघी-तिघींना त्यांनी स्वतः दवाखान्यात आणलं होतं, "यायले सांगा, आंगले लागस का हाई?" म्हणून. मी सांगितलं: सोरायसिस स्पर्शानं, एका ताटात जेवल्यानं, एका पिठात हात घातल्यानं लागत नाही. तो शरीराच्या प्रतिकारशक्तीतून उठतो, कुणाकडून येत नाही आणि कुणाकडे जात नाही.

सध्या मेथोट्रेक्सेट आठवड्याला ७.५ मिलिग्रॅमवर आहे, रक्त दर तीन महिन्यांनी. तर्जनीच्या मुळाशी विळ्याचा एक घट्टा राहिला आहे, दुखत नाही, फाटत नाही. तो काढायचा नाही असं ठरवलं आहे, कारण विळा अजून सुटलेला नाही आणि तो घट्टा त्या जागेला जपतो. आजार पूर्ण गेला असं मी त्यांना सांगितलेलं नाही; सोरायसिस दबतो, पुन्हा डोकं काढू शकतो. थंडी पडायच्या आत, दिवाळीपासूनच रात्रीची जेली आणि आठवड्यातून दोनदा कॅल्सिपोट्रायॉल सुरू करायचं, बोटांचे सांधे सकाळी आखडतात का यावर लक्ष ठेवायचं, आणि बिब्ब्याला हात लावायचा नाही, एवढं ठरलं आहे. पुढची भेट पोळ्यानंतर.